पुलावरून जाताना काठी उचलायची

जपानमधल्या यावाताहामाच्या बंदरात इसाओ निनोमियांना कुणी निनोमियासान म्हणत नसे. सगळ्यांचे ते अंगठेमास्तर. सार्वजनिक न्हाणीघराच्या मागची एक खोली, तिच्यात दोन चटया आणि एक उशी. एवढ्याच भांडवलावर या गृहस्थांनी उभ्या बंदराच्या पाठी दाबल्या. जाळी ओढून आखडलेले कोळ्यांचे खांदे, संत्र्यांच्या बागांत चढ-उतार करून धरलेल्या बायकांच्या कमरा, शाळेच्या मुख्याध्यापकांची ताठ मान, सगळं त्यांच्या हाताखालून गेलं. डोळे लहानपणीच गोवरात गेले होते, पण अंगठा पाठीवर टेकवला की विचारायचे, "काल बायकोशी भांडून डाव्या कुशीवर झोपलात ना?" आणि बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

गावभर लोकांना हात लावणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र कुणी हात लावलेला खपत नसे. त्यालाही कारण होतं. लहानपणी जो तो यायचा आणि त्यांची बाही धरून ओढत न्यायचा, बाजारात बोचकं ओढावं तसा. नेणारा मायेनेच न्यायचा, पण जाणाऱ्याला पुढे पायरी आहे की गटार, ते कळायचं नाही. मोठेपणी हातात पांढरी काठी आली आणि त्यांनी ठरवून टाकलं, आता ही काठी आणि आपण. त्यांची बायको नोबुए लग्नाआधी त्या न्हाणीघराच्या गल्ल्यावर बसायची. लग्न झाल्यावर पहिल्यांदा बाजारात निघाली तेव्हा तिने हात पुढे केला, तर हे म्हणाले, "तुझ्या पिशवीचा पट्टा धरतो." तेव्हापासून पट्टाच. पिशव्या फाटल्या, नव्या आल्या, पण हात काही आला नाही.

साठी उलटली तसे अंगठ्यांचे सांधे कुरकुरायला लागले. हिवाळ्यात तर चहाचा पेला धरवेना. डॉक्टरांनी सांगितलं, आता पुरे. इसाओसाननी खोलीच्या चटया उन्हात घातल्या, झटकल्या, गुंडाळून ठेवल्या. दुसरा कुणी कपाळाला हात लावून बसला असता. हे पाचव्या दिवशी जेवताना म्हणाले, "नोबुए, मी दाइशीसानच्या वाटेने जाऊन येतो म्हणतो."

शिकोकू बेटाला वळसा घालणारी ही अठ्ठ्याऐंशी देवळांची वाट. बाराशे वर्षांपूर्वी दाइशीसान नावाचे बौद्ध साधू या वाटेने चालले, आणि आजही जो चालतो त्याच्यासोबत ते चालतात, अशी इथल्या घराघराची श्रद्धा.

नोबुएने भाताचा वाडगा खाली ठेवला. "आणि काय मागणार त्यांच्याकडे? नवे अंगठे?"

"मागायला नाही, आभार मानायला. एवढी वर्षं या दोघांनी आपल्याला जेवू घातलं. ज्याने दिले त्याला एकदा जाऊन सांगायला नको?"

नोबुए उठली आणि स्वतःचे चालायचे बूट शोधायला लागली.

वसंत ऋतूत दोघं निघाली. अंगात पांढरे सदरे, डोक्याला बांबूच्या टोप्या. इसाओसानच्या एका हातात त्यांची पांढरी काठी, दुसऱ्यात यात्रेची लाकडी काठी. ती लाकडी काठी म्हणजे साक्षात दाइशीसान. मुक्कामाला पोचलं की आधी तिचे पाय धुवायचे, मग आपले. चालणं झकास चाललं होतं. देवळाचं आवार आलं की इसाओसान दारातच थांबायचे. उदबत्तीचा धूर डावीकडून येतो की उजवीकडून, मेणबत्त्यांची ऊब किती लांब आहे, मोठी घंटा वाजली की तिचा घुमारा किती वेळ अंगात राहतो, यावरून त्यांना सगळं देऊळ उभं दिसे. नोबुए सांगायची, "खांबावर सिंह कोरलाय," तर हे म्हणायचे, "त्याच्या जबड्यात चिमण्यांचं घरटं आहे, ते नाही सांगितलंस." ती वर बघायची, आणि असायचंच.

देवळाबाहेर मात्र दोघांची रोज जुंपायची. तळणीचा वास आला की यांचे पाय आपोआप वळत. ठेल्यावर माशाची काट्यांसकट थापून तळलेली वडी, रताळ्याची भजी, सोयाच्या रसात बुचकळून भाजलेले तांदळाच्या पिठाचे गोळे, काही सोडायचे नाहीत.

"अहो, आपण आभार मानायला निघालोय की चरायला?"

"जिभेचेही आभार मानायचे आहेत. ती अजून धड आहे."

पुलांचा एक नियम मात्र इसाओसान फार मनापासून पाळत. दाइशीसानना एकदा एका गावात कुणी रात्रीचा आसरा दिला नाही, तेव्हा ते थंडीत पुलाखाली झोपले. तेव्हापासून कुठल्याही पुलावर यात्रेकरू काठी टेकवत नाही. कोण जाणे, याच पुलाखाली आज झोपले असतील. डोक्यावर टकटक कशाला? डोळस माणसाला यात काहीच अवघड नाही. काठी उचलायची आणि चालायला लागायचं. पण ज्याची काठी हेच डोळे, त्याने काय करावं? सोबत नोबुए होती तोवर प्रश्न नव्हता. पूल आला की दोन्ही काठ्या काखेत आणि हातात पिशवीचा पट्टा.

मग एका खिंडीच्या उतारावर नोबुएचा गुडघा मुरगळला. गुडघा कसला, भोपळाच झाला. जवळच्या स्टेशनवरून तिला गाडीत बसवावं लागलं. गाडी हलेपर्यंत ती खिडकीतून बजावत होती, "पुलावर काठी टेकवा हो! ती पांढरी टेकवा! ती दाइशीसानची नाही, सरकारने दिलीय!"

"खाली झोपलेल्याला काय कळणार, आवाज सरकारी आहे की देवाचा?"

गाडी गेली. इसाओसान एकटे निघाले.

पुढचं देऊळ लांब, डोंगरावर. तिथवर नदी वाटेला चिकटून जाते आणि सारखी अलीकडची पलीकडे होते. म्हणजे पूल. पहिले दोन-तीन छोटे पूल त्यांनी काठ्या काखेत धरून, पाय घासत घासत पार केले. एका पुलावर कुणीतरी कठड्याला टेकवून सायकल ठेवली होती. इसाओसान तिच्यावर आपटले, सायकल त्यांच्यावर आपटली, गुडघा आणि हनुवटी सोलवटली. पडल्या पडल्या त्यांनी हात पसरला, तर बोटं कठड्याच्या फटीतून थेट मोकळ्या हवेत. खालून पाण्याचा आवाज. ते तसेच थोडा वेळ आडवे राहिले. काठ्या मात्र पडताना छातीशी धरल्या होत्या. एकही पुलाला लागली नव्हती.

संध्याकाळी धर्मशाळेतून फोन केला. लपवायचं ठरवलं होतं, पण हनुवटीला पट्टी असली की शब्द वेगळे निघतात.

"पडलात," नोबुए म्हणाली.

"थोडासा."

"उद्या पहिल्या गाडीने येते आणि घेऊन जाते घरी."

"आणि तुझा गुडघा?"

"गुडघा ठेवते घरी!" मग तिचा आवाज जरा खाली आला. "अहो, माझं एवढंच मागणं आहे. काठी टेकवत चला. दाइशीसान रागावतील तर माझ्यावर रागावतील."

"ज्यांचे आभार मानायला निघालो त्यांचीच झोप मोडत जायचं का, नोबुए? मग घरी बसलेलं काय वाईट?"

शेवटी ठरलं ते असं. उद्या वाटेत मोठा पूल आहे. तो धडपणे पार झाला, तर ते पुढे जातील. नाही झाला, तर परवा ती येणार, आणि मग कुरकुर न करता घरी यायचं. आणि घरी आलेला हा माणूस पुन्हा निघणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं.

मोठा पूल दुपारी आला. आधी वास आला. तांदळाच्या पिठाची उकड तव्यावर खरपूस होतेय, आत गोड पुरण, आणि कसल्यातरी रानपाल्याचा हिरवा वास.

"या हेन्रोसान, या," एका म्हाताऱ्या बाईचा आवाज. यात्रेकरूला इकडे सगळे हेन्रोसानच म्हणतात. "बसा. डावीकडे बाक आहे. अहो डावीकडे, तो माझा तवा आहे!"

ही मात्सुए ह्योदो. पुलाच्या तोंडाशी तिच्या सासूचा ठेला होता, आता तिचा आहे. तिने दोन गरम मोची, म्हणजे त्याच पुरण भरलेल्या उकडीच्या वड्या, त्यांच्या तळहातावर ठेवल्या. "दान आहे. खा."

इसाओसान खायला लागले आणि कान पुलाकडे लावून बसले. लाकडाचे ओंडके भरलेला ट्रक गेला तेव्हा बाकासकट सगळं हादरलं. पूल लांब होता, अरुंद होता. मोची संपल्या. चहा संपला. अजून एक ट्रक गेला.

"काय हो हेन्रोसान," मात्सुए म्हणाली, "माझ्या मोचीवर जीव जडलाय, की पुढचा रस्ता आवडत नाही?"

"कठडा केवढा आहे, आजी?"

"गुडघ्याएवढा. आणि माणसांसाठी वेगळी कड नाही. का?"

त्यांनी कारण सांगितलं. कुणीही हसेल असं वाटलं होतं. पण मात्सुए हसली नाही. या वाटेवरच्या गावात त्यावर कोण हसणार?

"खरंय. माझे सासरे तर इथून सायकल खांद्यावर घालून न्यायचे. चुकून घंटी वाजली तर, म्हणून." तिने तव्यावरच्या मोची उलटल्या. "एखादी गाडी थांबवू? पलीकडे सोडेल."

"पायी जायचं दाइशीसानना बोललोय."

"मग धरा माझा हात."

इसाओसाननी बाही सावरून हात मागे घेतला. मग म्हणाले, "नको आजी. मी बघतो काहीतरी."

"बघता?" आता मात्र ती खदखदून हसली. "बघा, बघा. बघून झालं की सांगा."

त्यांनाही हसू आलं, पण ते बाकावरून उठले नाहीत. मात्सुएने उलथनं खाली ठेवलं. पदराला हात पुसावेत तसे तिने कमरेच्या फडक्याला हात पुसल्याचा आवाज आला.

"ऐका. मोची दिली ती का घेतलीत?"

"यात्रेकरूला दिलेलं दान नाकारता येत नाही म्हणून."

"मग हाही दानच देतेय. हात."

"मोची दिलीत की."

"मोची पोटाला. हात पुलाला. नाही म्हणायचं असेल तर डोक्यावरची टोपी काढा आणि घरी जा. मग तुम्ही यात्रेकरू नाही, नुसते हट्टी."

पुलावर काठी टेकवायची नाही हा एक नियम, आणि दान नाकारायचं नाही हा दुसरा. आयुष्यभर पहिल्यासारखे नियम पाळणं त्यांना सोपं गेलं होतं. दुसऱ्याची अशी गाठ कधी पडली नव्हती. ते उठले. काठ्या काखेत घेतल्या.

मात्सुएने बाही पकडली आणि ओढली. इसाओसान जागच्या जागी ताठ झाले, लहानपणी व्हायचे तसेच.

"काय झालं?"

"बाही नको. मी तुमचं कोपर धरतो. तुम्ही अर्धं पाऊल पुढे, मी मागे. पायरी आली, खड्डा आला तर थांबा, म्हणजे मला कळेल."

"एवढंच? मग आधी सांगायचं!" मात्सुए म्हणाली. "आंधळ्या माणसाला कसं न्यायचं, हे कुणी पोटातून शिकून येतं का?"

हे ऐकून त्यांच्या मनात काय झालं, ते त्यांनी पुढे नोबुएला सांगितलं. म्हणाले, जन्मभर मी लोकांवर चिडलो की यांना धरता येत नाही. आणि जन्मभरात एकालाही सांगितलं नाही की असं धरा.

कोपर बारीक होतं, तव्याच्या धगीने गरम होतं. दोघं पुलावर चढली. मात्सुए हलकी पावलं टाकत होती. खालून पाण्याचा गार वारा येत होता. मधोमध पोचल्यावर मागून ट्रकचा आवाज आला. मात्सुएने त्यांना कठड्याच्या बाजूला घेतलं आणि स्वतः रस्त्याच्या बाजूला उभी राहिली. ट्रक अंगाला घासून गेल्यासारखा गेला. "अरे मेल्या, हळू!" ती ओरडली, पण ओरडली ती कुजबुजत. एवढ्या रागातही तिला खाली कोण झोपलंय याची आठवण होती. इसाओसानना इतकं हसू आलं की कोपर सुटता सुटता राहिलं.

पलीकडच्या मातीवर पाय टेकला तेव्हा त्यांनी दोन्ही हात जोडले. आधी पुलाकडे, मग तिच्या आवाजाकडे. यात्रेकरूने दान घेतलं की आपल्या नावाची चिठ्ठी द्यायची असते. नोबुएने लिहून दिलेल्या चिठ्ठ्यांतली एक त्यांनी काढली. "ही देवापाशी ठेवते," मात्सुए म्हणाली. पण त्यांचं समाधान झालं नाही.

"आजी, या उजव्या हाताला सकाळी उठल्यावर मुंग्या येतात ना? पेला सुटतो हातातून?"

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कोपराने. बसा त्या दगडावर."

तिचं मनगट त्यांनी हातात घेतलं. वर्षानुवर्षं उलथनं फिरवून शिरा तारेसारख्या झाल्या होत्या. अंगठे टेकवले तशी त्यांच्याच सांध्यातून कळ गेली. पण अंगठ्यांना वाट पाठ होती. मनगटापासून कोपरापर्यंत, मग तळहाताच्या खळग्यात, सावकाश. मात्सुए आधी "आई गं" म्हणाली, मग "अगंबाई" म्हणाली, आणि मग काहीच म्हणाली नाही. नदीपलीकडे कुठेतरी उगुइसु पक्षी शीळ घालत होता. गल्ला नाही, चटई नाही, पुढच्या गिऱ्हाइकाची घाई नाही. या अंगठ्यांचे आभार मानायला डोंगरावर निघालेला माणूस रस्त्याच्या कडेला दगडावर बसून ते मानत होता, असंच म्हणावं लागेल.

अचानक इसाओसाननी नाक वर केलं. "आजी, करपतंय."

"काय?"

"तव्यावर मोची होत्या ना?"

"अगं बाई, माझा तवा!" मात्सुए उठून धावली. पुलावर पाऊल पडताच मात्र तिची धाव चवड्यांवर आली, ते त्यांना ऐकू आलं.

त्या संध्याकाळी धर्मशाळेत लाकडी काठीचे पाय धुतले, स्वतःचे धुतले, आणि फोन लावला. सगळं सांगितलं.

"म्हणजे," नोबुए सावकाश म्हणाली, "माझ्याशी संसार केलात, तेव्हा हातात पिशवीचा पट्टा. आणि मोची विकणाऱ्या बाईचं कोपर धरून पुलावर फिरलात."

"दान होतं ते. नाकारता येत नाही."

"मी देत होते ते काय कर्ज होतं?"

इसाओसान गडबडले. "नोबुए, मी तुला कधी सांगितलंच नाही, की कोपर धरायचं असतं."

"मीही कधी विचारलं नाही," ती म्हणाली. नाक ओढल्याचा आवाज आला. मग एकदम पूर्वीचाच तोरा. "आता पुढच्या पुलांवर काय करणार? मात्सुएबाईंना पाठीवर बांधून नेणार आहात का?"

"हाक मारणार. कुणी असलं तर येईल."

"आणि कुणी नसलं तर?"

"तर थांबणार. आपल्याला कुठे गाडी गाठायचीय?"

"थांबा हं. आणि जेवून घ्या वेळेवर. गुडघा उतरला की मी येतेच, घ्यायला नाही, चालायला. तोवर कुणाकुणाची कोपरं धरलीत ते रोज सांगायचं."

दुसऱ्या दिवशी वाट जंगलात शिरली. दोन्ही बाजूंनी देवदार, ओल्या मातीचा वास, आणि लवकरच पाण्याचा आवाज. पायाला लाकडाची फळी लागली. पूल. इसाओसाननी दोन्ही काठ्या काखेत घेतल्या आणि कडेला उभे राहिले. घसा खाकरला. आयुष्यात कधी मारली नव्हती अशी हाक मारणं सोपं नसतं.

"कुणी आहे का हो?"

कुणी नव्हतं. ते खाली बसले, वाटेत कुणीतरी दिलेलं संत्रं सोललं, सालीचा वास घेत खाल्लं. पुन्हा हाक मारली. पुन्हा थांबले. बऱ्याच वेळाने वरच्या रस्त्यावर एक ट्रक कचकन थांबला, दार आपटलं, आणि जड बुटांची पावलं खाली आली. पुढे लोखंड बसवलेले असतात ना, तसले बूट.

"काय म्हातारबा, वाट चुकलात?"

"नाही. पुलावरून नेता का?"

"ट्रकमध्ये बसा की. वरच्या देवळापर्यंत सोडतो."

"चालत जायचंय. फक्त पुलापुरतं तुमचं कोपर द्या. मी धरतो, तुम्ही अर्धं पाऊल पुढे चला."

"एवढंच ना?" माणसाने कोपर पुढे केलं. ओंडक्यासारखंच जाड, राळेचा वास येणारं. "हात पुसला नाहीये हां."

"राळेचा वास छान आहे," इसाओसान म्हणाले. "आणि आभारी आहे. फार आभारी आहे."

"पूल तर पार होऊ द्या आधी," तो माणूस पुटपुटला.

दोघे फळ्यांवर चढले. इसाओसान वाट बघत होते की आता ते लोखंडी बूट दणदण वाजतील. पण एकही आवाज आला नाही. तो दांडगा ट्रकवाला, श्वास रोखून, चवड्यांवर चालत होता.